वर्गाचं सरासरी वय

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली, त्याच वर्षी मी पहिल्या वर्षाला नाव घातलं. बारावी होताच माझं लग्न झालं आणि शिकणं राहून गेलं. डोणगावहून मेहकरला आम्ही दोघी एकाच बसने जायचो, पण तिने आधीच बजावलं होतं, "आई, कॉलेजात मले आवाज नको देजो." मी बरं म्हटलं.

संख्याशास्त्राचे सर माझ्याहून बरेच लहान. सरासरी शिकवायची म्हणून त्यांनी पुढच्या दोन बाकांवरच्या सात जणींना वय विचारलं. अठरा, एकोणीस, अठरा, वीस, अठरा, एकोणीस. शेवटची मी. "बेचाळीस," मी हळूच म्हटलं. सरांना ऐकू आलं नाही. पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

सरासरी आली बावीस.

"ह्या सातांत बावीस वर्षांची कोण आहे?" सरांनी विचारलं.

कोणीच नव्हतं.

"मग ही सरासरी बिघडवली कोणी?"

एक मुलगी म्हणाली, "सर, काकूले काढून टाका न, मंग बराबर येते."

वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी आकडे चढत्या क्रमाने लावले आणि अगदी मधला एकोणीस दाखवला. मध्यक असा एका टोकाच्या आकड्याने हलत नाही, म्हणून इथे तोच घ्यायचा, असं सांगून त्यांनी माझ्या बेचाळीसभोवती लाल खडूने गोल केला. तास संपेपर्यंत मी मान वर केली नाही. पदर जागेवरच होता, तरी सावरत राहिले.

परतीच्या बसमध्ये खूप गर्दी होती. मुलगी पुढे बसलेली, मी मागे. माझ्या वर्गातल्या दोघी तिच्याजवळ उभ्या राहून सांगत होत्या, "आमच्या वर्गात एक बेचाळीस आहे!" ही माझी मुलगी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती हसली नाही. पण बोललीही नाही. वाटलं, बस थांबावी आणि मी मधेच कुठल्या तरी वावरात उतरून जावं.

घरी मी कणीक मळत होते, तेव्हा ती जवळ येऊन बसली. "मी काऊन गप बसली, मलेच समजून नाही राह्यलं."

"मी बी तं गपच बसली."

आकडे सरासरीपासून किती पसरलेत, ते काढायचं गणित सरांनी घरी दिलं होतं. तिने ते करायला घेतलं. प्रत्येकीचं वय बावीसपासून किती दूर, त्याचा वर्ग करायचा, मग त्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्यायचं. सहा जणींचे वर्ग मिळून सत्तर झाले. माझ्या एकटीचा चारशे. तिची पेन्सिल थांबली.

"राहू दे, आई."

"पुरं कर. सर उद्या विचारतीन."

सरांनी विचारलं खरं. वर्गातल्या दोन मुलींची उत्तरं चुकली. माझ्याजवळ बरोबर उत्तर होतं, सव्वाआठच्या जरा आत. पण हात वर करायचा म्हणजे पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. मी हात वर केला नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये मुलगी सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. कालच्या दोघी समोरच होत्या. "तू काकूले ओळखतं?" एकीने विचारलं.

"माही आई आहे," ती म्हणाली.

दोघींचे चेहरे उतरले. मला बरं वाटायला हवं होतं. पण मलाच ओशाळल्यासारखं झालं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जेवल्या का बाई तुम्ही?"