तीर्थाची बाटली

नानाभैया गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, वहिनींच्या पत्रातून. सोबत नानाभैयांची प्रयोगाची एक जुनी वही होती. ‘यात तुमचंही अक्षर आहे, म्हणून पाठवते,’ एवढंच लिहिलेलं... ती उघडायला मला दोन दिवस लागले.

सी.पी.च्या, म्हणजे जुन्या मध्यप्रांताच्या काळात जबलपूरच्या कॉलेजात ते एम.एस्सी.ला होते, मी बी.एस्सी.ला. दर रविवारी ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी आणायचं आणि त्यातले क्षार मोजायचे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. प्राध्यापकांनी मला त्यांच्या हाताखाली दिलं. मला मापाची काचनळी, ती ब्युरेट, धड धरता येईना, पण तोरा शास्त्रज्ञाचा! “साहेब, आधी बाटली धुवायला शिका, चलो!” म्हणत ते स्वतःच धुऊन दाखवायचे. एकच गोष्ट दहादा विचारली तरी कपाळाला आठी नाही.

बाटली नेहमी त्यांच्या होस्टेलच्या खोलीत राहायची. एका रविवारी ते गावी गेले होते, म्हणून मी एकटाच घाटावर गेलो आणि बाटली मदन महल भागातल्या आमच्या घरी आणली. सकाळी बघतो तर काय, आईने नर्मदामाईचं पाणी म्हणून देवाला वाहून घरभर तीर्थ वाटून टाकलेलं! वर मलाच म्हणते, “काहून ओरडून राहिला? विहिरीचं भरून ठेवलं ना मी!” भीतीपोटी मी तीच बाटली मुकाट्याने नेली. आकडा एकदम वर उसळला. नानाभैया हरखले. काहीतरी नवं सापडलं म्हणून कित्येक आठवडे त्या आकड्यामागे राबले, आणि त्यात प्रबंधाची तारीख हुकली. ते हा शोध प्राध्यापकांना सांगायला निघाले, तेव्हा मात्र मला राहवेना. रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी वही उघडून तो आकडा काढला. मग म्हणाले, “अच्छा! आणि माझ्या वाटचं तीर्थ कुठंय?”

माझ्या हातात पेन देऊन म्हणाले, “आकडा खोडू नको. पुढे खरं काय ते लिही.” माझ्यापायी त्यांचं वर्ष गेलं. पण रविवारी सायकल घेऊन ते माझ्या दारात हजर!

ती ओळ वाचूनही प्राध्यापकांनी मला का हाकललं नाही, हे कोडं मला जन्मभर सुटलं नव्हतं. परवा वही उघडली. इंग्रजी आकड्यांमध्ये माझी वेडीवाकडी ओळ: ‘बाटलीत विहिरीचं पाणी होतं. मी लपवलं.’ आणि खाली त्यांच्या अक्षरात: ‘चूक माझी. बाटली कुठे ठेवायची ते मी त्याला सांगितलं नव्हतं.’ त्याखाली प्राध्यापकांची सही.

वही मी देवघरात ठेवली आहे, पंचपात्राशेजारी. नानाभैया, तुमच्या वाटचं तीर्थ तेवढं द्यायचं राहिलं हो...