सहा मिलिमीटर लांब

आमच्या गल्लीत कुणाकडं आज कोणती भाजी शिजली, हे मी वासावरून सांगतो. आमची मंडळी याला भोचकपणा म्हणते, मी समाजकार्य म्हणतो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून दत्तात्रेय मुधोळकर राहतात, म्हणजे आमचे दत्ताअण्णा. पण त्यांच्या घरात कान देण्यासारखं काही घडतच नसे. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात चौतीस वर्षं टर्नर होते, लेथवर लोखंड कातणारे. बायको सहा वर्षांमागं गेली. एकुलती एक सावनी जर्मनीत नोकरीला. लेथपुढं उभं राहून अण्णांच्या जिभेलाच गंज चढलेला.

मुलीचा फोन आला, अण्णांनी तो स्पीकरवर टाकला की भिंतीपलीकडून एवढंच ऐकू यायचं.

"जेवलीस काय?"

"हो अप्पा. तुम्ही?"

"हं."

"गोळ्या?"

"हं."

"बरं, ठेवू?"

दीड मिनिट. मग अण्णा फोन हातात धरून तसेच बसून राहायचे, कुणी अजून काही बोलेल म्हणून.

गेल्या मे महिन्यात सावनी सुट्टीवर आली ती रिमोटची एक गाडी घेऊन. वीतभर उंचीची, जाडजूड चाकांची, मुंगीच्या चालीनं दगडधोंडे चढणारी. क्रॉलर म्हणतात तिला. अकरा दिवस बापलेक रोज सकाळी उणकलच्या टेकडीवर. सगळे दगड चढून झाले, एक सोडून. बसलेल्या म्हशीसारखा दिसतो म्हणून सावनीनं त्याचं नाव ठेवलं एम्मी, आमच्या कानडीतली म्हैस. एम्मीच्या पाठीवर गाडी निम्मी जायची, नाक आभाळाकडं करायची आणि मागं कोलांटी.

जाताना सावनी म्हणाली, "अप्पा, एम्मी चढवा. मी फोनवर बघणार."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल. अण्णांच्या हातात रिमोट, फोन धरायला मी. बिनपगारी कॅमेरामन. आणि काय सांगू, अण्णा बोलायला लागले! पाऊण पाऊण तास!

"मागचा आस चार दांड्यांनी धरलाय बघ. वर दोन, खाली दोन. ह्याच त्या लिंका. ह्या लांब केल्या की मागची चाकं मागं सरकतील, मग उलटणार नाही."

"आणि अप्पा, खालच्या जड केल्या तर? वजन खाली राहील."

"शाणी आहेस. स्टीलच्याच करतो."

जुन्या मालकाकडं जेवणाच्या सुट्टीत लेथ मागून अण्णांनी लिंका कातल्या. आधी तीन मिलिमीटर लांब. गाडी उलटली. मग फक्त खालच्या दोन लांबवल्या, तर आसच वाकडा फिरला. रविवारमागून रविवार गेले. डिसेंबर उजाडला तरी एम्मी काही चढू देईना.

मग एका गुरुवारी मी सहज, म्हणजे मुद्दाम, टेकडीवर गेलो. अण्णा एकटेच होते. गाडी हळूहळू एम्मीच्या पाठीवर गेली, माथ्यावर थांबली आणि तिथं ऐटीत बसून राहिली. अण्णांनी तिला उचलून पिशवीत घातलं. तोंडावर आनंदाचा टिपूससुद्धा नाही.

रविवारी? कोलांटी! मी वाकून बघितलं, तर खाली जुन्या लिंका.

परतीच्या वाटेवर मी त्यांना गाठलं. "काय हो अण्णा, गुरुवारी चढली की!"

अण्णा चालायचे थांबले. "बघितलास? चारही लिंका सहा मिलिमीटर लांब केल्या."

"मग आज लपवलंत कशाला?"

"चढली तर पुढच्या रविवारी तिच्याशी काय बोलू रे?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि घराकडं चालू लागलो.

त्याच्या पुढच्या रविवारी सावनी वेगळ्या जागी बसली होती. तिच्या मागं भिंतीवर घड्याळ, त्यात साडेचार. अण्णा लांब दगडाशी होते. मी हळूच विचारलं, "सावनी, घड्याळ बंद पडलंय काय गं?"

तिनं चटकन ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात तिकडून अण्णांची हाक, "जेवलीस काय गं?"

"हो अप्पा, आत्ताच!"

पहाटे साडेचारला! आता मला उलगडलं. केसाएवढी चूक व्हर्नियरवर पकडणारा हा माणूस, तास वजा करायचे ते मिळवून बसला होता. त्यांच्या हिशेबानं लेकीकडं दुपारचा दीड वाजलेला. खिडकीबाहेर काळोख? थंडीचा देश, असणारच की.

दोन दिवस कसंबसं तोंड बंद ठेवलं. मंगळवारी संध्याकाळी सांगून टाकलं. अण्णांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"सात महिने? पहाटे?"

"सात महिने. आठवड्यात एक सुट्टी मिळते तिला, ती अशी."

त्या रविवारी अण्णांनी लांब लिंका लावून आणल्या. गाडी सरळ चढली. फोनमध्ये सावनी किंचाळली, मग शेजारी झोपलेत म्हणून तोंडावर हात धरून हसली. हसून झालं.

"आता पहाटे उठायचं नाही," अण्णा म्हणाले. "झोप पुरी कर. दुपारी कधीतरी कर फोन."

"काका!" सावनी माझ्यावर ओरडली. मी फोन दगडाकडं वळवला.

पुढच्या रविवारी नऊला अण्णा आंघोळ, दाढी उरकून कट्ट्यावर बसलेले. टेकडीला जायचं नव्हतं, कुठंच जायचं नव्हतं. मी दोनदा चहा विचारला. "नको." दहा वाजले, बारा वाजले. उन्हं कट्ट्यावर आली तरी अण्णा उठेनात. दोनला फोन वाजला तेव्हा ते आत गेले, आणि मी भिंतीला.

"जेवलीस काय?"

"नाष्टा झाला अप्पा. तुम्ही?"

"हं."

"गोळ्या?"

"हं."

मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. काय गरज होती तोंड उघडायची?

"अप्पा," सावनी म्हणाली, "एम्मीवरून गाडी खाली कशी आणलीत?"

"कशी म्हणजे? हातानं उचलली, पिशवीत घातली."

"म्हणजे उतरवली नाहीत?"

पलीकडं खुर्ची सरकली.

"उतरताना नाकावर पडेल गं ती. पुढच्या लिंका नव्यानं कराव्या लागतील."

"किती दिवस लागतील?"

"घाई काय आहे," अण्णा म्हणाले.