दोन घमेल्यांतला माठ

चतुराबाईच्या हाताखाली बारा बाया होत्या आणि निफाडच्या शिवारात तिच्या टोळीइतकी स्वच्छ खुरपणी कुणाची नव्हती. हे ती स्वतःच सांगायची. का नाही सांगायचं? खरंच होतं ते.

१९८३ साली कोंडाजी नानांच्या उसात रानमाठाचं तण माजलं. नाना सात-आठ वर्षं दर लागणीला एकच तणनाशक मारत आले होते. सुरुवातीला रान लख्ख राहायचं. मग चार-दोन रोपं वाचू लागली, आणि आता सरीसरीत माठ गुडघ्याला लागत होता. नानांनी दुकानदाराला शिव्या घातल्या, पंप बदलला, आणि शेवटी बांधावर उभं राहून सगळ्या बायांदेखत म्हणाले, "तुम्हीच बी राखताय. तण मेलं तर तुमची खुरपणी बंद व्हईल ना!"

चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षांची अब्रू अशी एका वाक्यात मातीत? भांडली असती तर जिंकली असती, तोंडाची ती काही कमी नव्हती. पण तिला भांडण जिंकायचं नव्हतं, टोळीचं नाव धुऊन हवं होतं.

तण रोज हाताळणाऱ्या बाईला दिसतं ते पंपवाल्याला दिसत नाही. औषधाला जे रोप पुरून उरतं तेच बी धरतं, आणि लेकरं आईच्या वळणावर जातात, एवढं तिनं ताडलं होतं. तिनं नानांच्या उसातल्या माठाचं पिकलेलं बी झाडून घेतलं. दुसरं बी आणलं नदीकाठच्या पडीतून, जिथं औषधाचा थेंब कधी पडला नव्हता. दोन घमेल्यांत एकच माती भरून दोन्ही पेरलं. रोपं दोन-चार पानांची झाल्यावर घमेली नानांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"नाना, औषध तुमचं, पंप तुमचा, हातबी तुमचाच. मारा फवारा."

नाना हसले, पण मारला. दोन आठवड्यांत नदीकाठचा माठ पिवळा पडून करपला. उसातला मात्र हिरवागार, वर नवी पानं. नाना घमेल्यांभोवती तीनदा फिरले आणि मग ओट्यावर बसले.

"चुकलं माझं, चतुराबाई."

"हितं नका म्हणू. बोललात बांधावर, तिथंच म्हणा."

दुसऱ्या दिवशी नानांनी बाराही बायांपुढे हात जोडले. चतुराबाईची मान त्या दिवशी जी ताठ झाली ती झालीच.

"आता काय करू?" नानांनी विचारलं.

"फुलायच्या आधी उपटायचा. बी धरलेला म्हशीला घालायचा नाय, शेणखतातून परत रानातच येतो. ऊस निघाला की एक साल हरभरा घ्या, कांदा घ्या. अन् एकाच औषधाच्या भरवशावर बसू नका."

नानांनी खुरपं मागून घेतलं. पुरुषानं खुरपायला बसायचं नाही अशी गावची रीत. दोघी-तिघी पदराआड हसल्या. चतुराबाईनं नानांना कडेची सरी दिली. तासाभरानं नाना धापा टाकत टोकाला पोचले. तिनं मागून सरी पाहिली.

"नाना, मागं या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "तीन रोपं राहिलीत."

आणि गावचा मोठा बागाईतदार मुकाट्यानं मागे आला.