अण्णांच्या मागची चाळ

नूपुरचे वडील अण्णा सकाळी दूध आणायला गेले, ते दुपार झाली तरी परतले नाहीत. हल्ली त्यांना कालचं जेवणही आठवत नसे. व्हॉट्सॲपवर शोधपत्रक टाकायचं, तर त्यांचा धड फोटो एकच, नायगावच्या त्यांच्या जुन्या चाळीतला. चेहरा उठून दिसावा म्हणून तिने मागचं सगळं काढायला मोबाइलवरच्या फुकट्या ॲपला दिलं. ॲपने कठडा खाल्ला, वाळत घातलेली लुंगी खाल्ली, खोलीचं दारही खाल्लं. पांढऱ्याफटक जागेत अण्णा एकटेच उरले. चाळ पाडल्याचं त्यांच्या लक्षात कुठे होतं?

ती धावत नायगावला गेली. पत्र्याच्या कुंपणापाशी वॉचमन म्हणाला, "एक म्हातारा सकाळपासून जिना विचारत होता. आत्ताच हाकलला."