पाय धुतले आणि भात राहिला

मननाची तयारी मी आठवडाभर केली होती, आणि घरातलं सगळं पाणी संपवायला मला अर्धा तासही लागला नाही.

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी तेव्हा शाळामास्तर होतो. आजूबाजूच्या गावांत मिळून आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी उपासना व्हायची. एकानं अध्याय वाचून त्यावर चार शब्द बोलायचे, हेच मनन; मग सगळ्यांनी जेवायचं. वैशाखात पाळी आमची आली, आणि नेमके तेव्हाच चांद्याहून पाळकसाहेब पहिल्यांदा येणार होते. मी योहानाचा तेरावा अध्याय घेतला. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो.

बायको पहाटेच शेजारणीला घेऊन नाल्यावर गेली होती. विहीर आटलेली. नाल्याच्या रेतीत खड्डा करायचा, तळाशी पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं आणि वाटीवाटीनं गुंड, म्हणजे घागर, भरायचा. अशा खेपा घालून तिनं रांजण भरला, तांदूळ निवडले आणि मंडळी आली तशी दारात उभी राहिली. उन्हातून चालत आलेल्या प्रत्येकाला पाय धुवायला तांब्याभर पाणी. ही आपल्याकडची रीतच.

मग मी उभा राहिलो. बोलणं बरं चाललं होतं. इतकं बरं, की मला नुसतं बोलणं अपुरं वाटू लागलं. मी दुपट्टा कमरेला बांधला, परात घेतली, रांजणातून बादली भरून आणली आणि पुरुषमंडळींचे पाय धुवायला बसलो. एकाच्या पायाचं पाणी दुसऱ्याला कसं चालेल? दर माणशी नवं पाणी!

पहिल्याच म्हाताऱ्यानं पाय ओढून घेतला. जन्मभर लाकडाच्या बैलबंड्या हाकलेला माणूस.

"अजी गुर्जी, बाईनं आत्ताच पानी देल्लं. पाय धुवूनच बसलो मी. आता काऊन पुन्हा?"

मला तर आनंदच झाला. "बाबा, प्रभूचा शिष्य पेत्रसुद्धा असाच नको म्हणाला होता!"

"हो का?" म्हातारा आपल्या बायकोकडं वळला. "आयकलं का वो? गुर्जी मले पेत्र म्हनून राह्यले. अन् तू मले येडा म्हनते!" आणि त्यानं दोन्ही पाय पुढं केले.

पाळकसाहेबांना गुदगुल्या झाल्या. अंगणात ओहोळ वाहू लागला, कोंबड्या प्यायला आल्या. मी इतका नम्र झालो होतो, की कोण कोण बघतंय हे अधूनमधून पाहून घेत होतो.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. त्या शांततेत आतून रांजणाच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज आला. दोनदा आला. मग बायको दारात.

"अजी, भाताचं पानी कुठी गेलं?"

 म्हाताऱ्यानं आपला ओला पाय उचलून दाखवला. "हे इथी हाय, बाई."

सगळे हसले. ती हसली नाही, आणि माझं आमेन म्हणायचंच राहिलं. पोरं भुकेली, पाळकसाहेब पहिल्यांदा दारी आलेले आणि चुलीवर कोरडं भांडं. पाहुणा उपाशी परत गेला तर गाव वर्षभर घरच्या बाईला बोलतं. मनन करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मी गुंड उचलला. पाळकसाहेबांनी बाह्या सारून दुसरा उचलला. भर दुपारी दोन बाप्ये पाण्याला निघालेले पाहून पाटलाच्या ओसरीवरून आरोळी आली, "काय गुर्जी, बाई माहेरी गेली का?"

"नाही हो, अजून मनन चाललंय!" पाळकसाहेबांनीच उत्तर दिलं.

नाल्यातल्या झिऱ्यापाशी, त्या रेतीतल्या खड्ड्याशी, मी घाई केली आणि वाटीत चिखल आला. थांबावं लागलं. गुडघे रेतीत भाजत होते. पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, प्रभूनं पाय धुतले ती वल्हांडण सणाच्या जेवणाची माडीवरची खोली शिष्यांना सापडली कशी?"

हे मला पाठ होतं. "नगरात पाण्याची घागर घेतलेला माणूस भेटेल, त्याच्या मागं जा, असं प्रभूनं सांगितलं होतं."

"त्या माणसापाशी कधी थांबलात?"

कधीच नाही. दरवर्षी वाचायचो आणि त्याला ओलांडून थेट माडीवर चढायचो. परातीत ओतायला पाणी होतं, कारण कुणीतरी ते आधी वाहून आणलं होतं. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. माझ्या घरातल्या अशा माणसाला तर मी रोज पाहत होतो, आणि ओलांडत होतो. गुंड खांद्यावर घेतला तेव्हा अर्धं पाणी माझ्याच पाठीवर सांडलं. दुसरी खेप करावी लागली, मग तिसरी.

उन्हं कलली तेव्हा भात, वरण, वांग्याची भाजी पानावर आली. पोरांनी पातेली पुसून खाल्ली. पाळकसाहेबांनी तीनदा भात घेतला, बायकोच्या हातच्या वरणासाठी वेगळी प्रार्थना केली आणि बंडीत बसून गेले.

अंगण झाडताना मी हळूच विचारलं, "मनन कसं झालं?"

"मी चुलीपाशी होती. मले का आयकू येते?" ती म्हणाली. "पुढच्या टायमाले ते पाच भाकरीत पाच हजार मानसं जेवल्याचं घ्या. पन आधी घरी वाढवून दाखवा भाकरी. मंग मीबी बाहेर बसून आयकीन."