निव्वळ चार मिनिटं

आमच्या इंदापूर तालुक्यात सगळं जग पाहिलेला माणूस एकच आहे, आणि तो अजून सोलापूरच्या पलीकडे गेलेला नाही. हे आमचे लासुर्ण्याचे मामा. बर्फातल्या देशात घराची दारं कुठल्या बाजूला उघडतात, वाळवंटात विहिरीला मोट असते की रहाट, कुठल्या बेटावरच्या बायका मासळी डोक्यावरून नेतात आणि कुठल्या बेटावरच्या कमरेवरून, हे सगळं मामांना पाठ. आमच्या खानदानात डिग्रीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पण त्या डिग्रीतला भूगोल कॉलेजातला कमी आणि मामांच्या टीव्हीसमोरचा जास्त, हेही त्याच दमात सांगायला पाहिजे.

मामा साखर कारखान्याच्या काट्यावर होते. उसानं भरलेली गाडी काट्यावर चढवायची, ऊस उतरला की तीच गाडी रिकामी चढवायची, एकातून दुसरं वजा करायचं आणि उरलं ते निव्वळ. नोकरीतून रिटायर झाले, पण काटा काही डोक्यातून उतरला नाही. लग्नातलं पुढाऱ्याचं भाषण संपलं की मामा मांडवातच मोठ्यानं निकाल देणार, ‘‘भरलं चाळीस मिनिटं. स्वागत वजा, सत्कार वजा, खोकला वजा. निव्वळ दीड!’’ मी डिग्रीचे पेढे घेऊन गेलो तर पेढा तोंडात घालून म्हणाले, ‘‘का रं बीए, भरली तीन वर्षं. सुट्ट्या वजा कर, संप वजा कर. निव्वळ काय शिकलास ते सांग.’’ तेव्हापासून मला नावानं हाक नाही. मी बीएच.

संध्याकाळी साडेसातला प्रवासाचा कार्यक्रम लागायचा. कोण बोलतंय ते कधी दिसायचं नाही, नुसता आवाज. शांत, सावकाश, घाटातून बैल उतरवावेत तसा. ‘समोर दगडी पूल आहे. पुलाखालचं पाणी हिरवट आहे. पलीकडच्या काठावर एक म्हातारा जाळं विणतो आहे.’ मामा आणि मामी चहाची भांडी बाजूला सारून ऐकत बसायचे. पुढं काचबिंदूनं मामींची नजर हळूहळू गेली. पार गेली. पण साडेसात काही सुटले नाहीत, कारण त्या आवाजामुळं मामींना पूल दिसायचा, पाणी दिसायचं, म्हाताऱ्याच्या जाळ्याची भोकंसुद्धा दिसायची. शेजारणीला सांगायच्या, ‘‘काल आमी लई लांब गेल्तो.’’

मग चॅनेलवाल्यांना काय दुर्बुद्धी झाली देव जाणे. तो आवाज त्यांनी काढून टाकला आणि त्या जागी गॉगल घातलेला एक पोरगा उभा केला. उभा म्हणजे कसा, तर बरोबर देखाव्याच्या मधोमध. देवळाच्या पुढं हाच, समुद्राच्या पुढं हाच. कुठल्याही देशात गेला की आधी खायला बसतो, पहिल्या घासाला डोळे मिटतो आणि ‘वाव’ म्हणतो. काय खाल्लं, कशाचं केलं, तिथं ते पिकतं का, हे विचारायचं याला सुचत नाही. मग हॉटेलातली गादी दाबून दाखवतो. अहो, गादी काय बघायची? गाद्या आमच्या बारामतीत मिळत नाहीत का?

मामा पहिल्याच आठवड्यात हातात घड्याळ घेऊन बसले. मी त्या दिवशी तिथंच होतो. पोरगा एका डोंगरावर चढला, खाली मोठं तळं असावं. मागं ढोलताशे वाजायला लागले. मामींनी मान पुढं केली, ‘‘आवं, पाणी कुठल्या रंगाचं हाय?’’ मामा टीव्हीच्या एका बाजूनं बघतात, दुसऱ्या बाजूनं बघतात, पण पोरगा काही हलेना. वर हात पसरून म्हणतो कसा, ‘‘गाईज, माझ्याकडे शब्दच नाहीत!’’

मामा ताडकन उठले. ‘‘शब्द न्हाईत? आरं, मग गेलास कशाला तितं? शब्द आणायलाच धाडलं हुतं ना तुला!’’

कार्यक्रम संपल्यावर काटा झाला. ‘‘भरला अर्धा तास. जाहिराती वजा. खाणं वजा. गादी वजा. ह्येचं थोबाड वजा. निव्वळ चार मिनिटं, बीए! आन त्यातबी ढोल!’’

दोन-तीन दिवसांनी मला कागद घ्यायला लावला. चॅनेलला पत्र. मामा सांगतायत आणि मी शुद्ध भाषेत लिहितोय: ‘आपला मुलगा काल ज्या नदीकाठी उभा होता, ती नदी त्याच्यामागे झाकली गेली. तरी कृपया मुलगा एक हात डावीकडे सरकवावा. तसेच नदीचे पाणी कोणत्या दिशेला वाहते ते कळवावे. घरात दृष्टी नसलेले माणूस आहे.’ शेवटचं वाक्य मामांनी दोनदा वाचायला लावलं. ते मी मेलवर पाठवलं. उत्तर त्याच क्षणी आलं, म्हणजे कुणी वाचलं नसणार हे उघड आहे. ‘तुमच्या प्रेमाबद्दल धन्यवाद! तुमचं ड्रीम डेस्टिनेशन कोणतं?’

‘‘ड्रीम म्हंजे?’’ मामांनी विचारलं.

‘‘स्वप्न.’’

‘‘मी जागा राहून बघाय मागतोय, आन ही मला झोपायला सांगत्यात व्हय?’’

मला खरं सांगायचं तर मामांपेक्षा जास्त राग आला. घरात बसून जग बघणारी माणसं बिनडोक असतात, असं यांना सांगितलं कुणी? मी दुसरी चॅनेलं लावून दिली. एकावर ड्रोन. मामा म्हणाले, ‘‘घारीनं गाव बघितल्यागत वाटतंय. माणूस कुठं हाय ह्येच्यात?’’ दुसऱ्यावर दोघं नवरा-बायको वाळवंटात जाऊन भांडत होते. शेवटी मामीच एका संध्याकाळी शांतपणे म्हणाल्या, ‘‘बंद करा ते. मला आता कायबी दिसंना.’’

मामांनी टीव्ही बंद केला. नजर गेली तेव्हा मामी रडल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी राहायला बारामतीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिथल्या स्टँडवर मला दिसले. धुतलेलं धोतर, पाण्याची बाटली. ‘‘कुठं निघालात?’’ तर म्हणाले, ‘‘वरकुट्याला.’’ ‘‘काय काम काढलं?’’ ‘‘काम कसलं? बघाय चाललोय.’’ वरकुटं आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि तिथं जायला हा माणूस लासुर्ण्याहून उलटा बारामतीला आला होता. म्हणे, प्रवास जरा लांबचा व्हावा. आणि साडेसातला मामींसमोर बसून त्यांनी वरकुटं सांगितलं. कुणाच्या दारात कसली गाय, पारावर कोण दाढी करून घेत होतं, ओढ्याला पाणी किती आणि कुठल्या अंगाला. त्यांच्या मानानं आवाजही सावकाश.

असं महिनाभर चाललं. मी म्हणालो, मोबाइल न्या, फोटो काढा. तर म्हणाले, ‘‘मोबाइलला दिसंल रं. तिला कोण सांगणार?’’

थंडी सरताना ते भिगवणला गेले, धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले होते ते बघायला. त्या संध्याकाळी मीही लासुर्ण्यात होतो. मामा रंगात आले होते. पाणी कसं, तर काकवीत दूध सांडल्यागत. नावाडी एका डोळ्यानं बारीक. पक्षी काटकुळे, मान वाकडी, चिखलात उभे. ‘‘बसल्यावर पांढरंच दिसत्यात गं. आन मग समदे एकदम उठले. पंख उघडले, आन त्या पंखांच्या आत...’’ मामा थांबले. हात वर तसाच राहिला. ‘‘आत... काय सांगू तुला, शब्दच...’’

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘शब्द आणायलाच धाडलं हुतं ना तुमाला?’’

मी हसलो. मामा हसले नाहीत. हात तेवढा खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी बारामतीहून फोन केला. तो मामींनी उचलला. मामा घरात नव्हते.

‘‘गेले परत भिगवणला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पंखांचा रंग आणायला गेल्यात. मी बसलीया वाट बघत.’’