दुसऱ्या मजल्यावरच्या वह्या

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मीटरची खोली आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचा सामाईक मीटर मी रोज सकाळी सात वाजता वाचते आणि आकडा पेन्सिलने वहीत लिहिते. ही सवय तुमच्या आजोबांची. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, आणि तयार झालेली वीज पुढे कुठे जाते हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. आजवर एकाही दिवसाची जागा रिकामी नाही. मी बाहेरगावी असले तर वॉचमन फोनवर आकडा सांगतो.

हे आधी सांगते, कारण या वह्यांबद्दल मी यंदा खोटं बोलले.

चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आलात की चिवड्याचा डबा घेऊन येते, तीच. तिची नात एनर्जी ऑडिटर आहे. एखाद्या इमारतीत वीज कुठे लागते, कुठे वाया जाते, हे मोजायचं आणि अहवाल द्यायचा, असं ते काम. मुलगी नाशकातच राहते आणि दर रविवारी आजीकडे जेवायला येते. रविवारीच तुमचा परदेशातून फोन असतो. त्यातली पहिली पाच मिनिटं "आवाज येतोय का" विचारण्यातच जातात.

संध्याकाळी आम्ही दोघी खाली बाकावर बसतो. तिथे मैत्रीण नातीचं सगळं सांगते. "काल पिंपळगावला होती, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. दाराचं रबर फाटलेलं निघालं. गारवा सगळा बाहेर, आणि मशीन आपलं चालूच." मग हॉस्पिटल. "तिथं काही बंद करून चालत नाही, तिथलं सगळं वेगळं." मग एक शाळा, जिथे रिकाम्या वर्गांतही पंखे फिरत होते.

"माझी नातही तिकडे मोठ्या कंपनीत आहे," मी एकदा म्हणाले.

"हो ना. पण तिकडे," ती म्हणाली.

ती वाईट हेतूने बोलली नव्हती, तरी तो "पण" मला आठवडाभर पुरला.

दिवाळीनंतर इमारतीला वीज फार लागते आहे असं कमिटीच्या लक्षात आलं. दोष लिफ्टवर आला आणि ती रोज दुपारी एक ते चार बंद ठेवायची असं ठरू लागलं. मैत्रिणीचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि व्यायाम करून घ्यायला तिला दुपारीच जावं लागतं. नातीने कमिटीला सांगितलं, "आधी मला ऑडिट करू द्या. रविवारच्या मीटिंगला अहवाल देते."

ती आली. हातात उष्णता दाखवणारा कॅमेरा, आणि मागे काठी टेकत आजी. पंपाची खोली झाली, लिफ्टची खोली झाली, मग घरं. "सरळ धर गं, खालच्या आजींना दिसू दे," मैत्रीण म्हणाली. माझ्या फ्रिजवर मी विणलेलं क्रोशाचं आवरण असतं, पाठीमागेही लोंबेल असं मोठं. कॅमेऱ्यात फ्रिजची पाठ लालभडक दिसली.

"खालच्या आजी, याची उष्णता बाहेर पडायला वाटच नाही."

"मी हिला कधीपासून सांगतेय," मैत्रीण म्हणाली.

तिने कधीही सांगितलं नव्हतं. तिच्या फ्रिजलाही मीच विणलेलं आवरण होतं. आदल्या दिवशी तिने ते काढून ठेवलं होतं, हे पुढे तिनेच कबूल केलं.

मग मुलगी म्हणाली, "बिलात महिन्याचा एकच आकडा असतो. रोजचे आकडे मिळाले तर कुठल्या दिवसापासून वाढलं ते सापडेल. आजी म्हणते तुम्ही लिहून ठेवता."

"वह्या रद्दीत दिल्या," मी म्हणाले.

"तू? मिठाईच्या खोक्याची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवणारी तू?" मैत्रीण म्हणाली.

"दिल्या म्हटलं ना."

ती टेकून उभी होती त्याच कपाटात वह्या होत्या.

गुरुवारी दुपारी जिन्यात आवाज ऐकून मी दार किलकिलं केलं. लिफ्ट बंद झालीच तर म्हणून मैत्रीण उतरायचा सराव करत होती. नात एक पायरी खाली, तोंड आजीकडे, दोन्ही हात पुढे धरलेले.

"आधी उजवा, आजी."

"मला शिकवू नकोस. तुला चालायला मी शिकवलंय."

खरं तर मला तिचे गुडघे दिसायला हवे होते. मी बघत राहिले ते पुढे धरलेल्या हातांकडे. माझ्या मजल्यावर पोचल्यावर मैत्रीण पायरीवरच बसली. कपाळावर घाम, आणि अजून दोन मजले बाकी. "पुढचं उद्या बघू," ती म्हणाली. उद्यावर काही टाकणारी बाई नव्हे ती.

मी दार उघडलं. "वह्या सापडल्या. पण घराबाहेर देणार नाही. माझ्याकडे बसूनच बघायच्या."

ही अट घालायची काही गरज नव्हती. मला ती मुलगी माझ्या घरात हवी होती.

दोन संध्याकाळी ती आली. मी आकडे वाचले, तिने लॅपटॉपवर घेतले. मी थालीपीठं लावली. दोन्ही दिवस वरून फोन आला, "जेवायला येतेस ना?" आणि दोन्ही दिवस ती म्हणाली, "इथेच जेवतेय, आजी." ते ऐकून मी तिच्या थालीपिठावर लोण्याचा आणखी एक गोळा ठेवला.

शुक्रवारी ती एका आकड्यावर थांबली. "हा पुन्हा वाचा." त्या दिवसापासून वीज एकदम वाढली होती आणि पुन्हा उतरलीच नव्हती. शेजारी माझ्याच अक्षरात होतं, "टाकी धुतली. पंप पुन्हा जोडला." शनिवारी तिने प्लंबरला आणून पंप उघडवला. पाणी उलटं येऊ नये म्हणून असलेला व्हॉल्व्ह नीट बसवलेलाच नव्हता. चढवलेलं पाणी परत खालच्या टाकीत उतरत होतं आणि पंप तेच पुन्हा वर चढवत होता. लिफ्टचा काही संबंध नव्हता.

मीटिंगमध्ये नातीने माझ्या वह्या सर्वांना दाखवल्या. लिफ्ट बंद ठेवायचा ठराव बारगळला.

"रद्दीवाल्याने परत आणून दिल्या बरं का," मैत्रीण मोठ्याने म्हणाली. सगळे हसले. का हसायचं ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता लिफ्ट खाली आली आणि ती काठी टेकत मीटरच्या खोलीत शिरली. "दाखव मला कसं वाचतात ते. दोन दिवस माझी नात तुझ्याकडे जेवली."

तेव्हापासून ती रोज येते. आकडा मी तिला वाचू देते. पेन्सिल अजून दिलेली नाही.